पाटीतला वरवंटा

दूध कुणाच्या घरी उतू जात नाही? पण आवडाबाईच्या हातून त्या चैत्रात दोनदा दूध उतू गेलं आणि ती घाबरली. कारण तिच्या थोरल्या बहिणीचं, जनीचं, दुधापासूनच सुरू झालं होतं. आधी दूध, मग कपाटाच्या किल्ल्या, मग सुनेचं नाव. शेवटी तर बाई रिकाम्या ताटात कोलंबी सोलत बसायची. समोर काही नाही, बोटं मात्र चाललेली. आवडाबाईनं हे तीन वर्षं पाहिलं. जनी गेली तेव्हा तिला रडू कमी आलं आणि भीतीच जास्त वाटली.

एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. जनीच्या मुलांनी आईला धंदा सोडायला लावला, आता बस आरामात म्हणाले, आणि बसल्यावर दोनच वर्षांत बाईचं एकेक सुटत गेलं. आता आवडाबाईही बसलेलीच होती. चाळीस वर्षं बाळकुमच्या बंदरावरून मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरलेली बाई, तिला एकसष्टाव्या वर्षी कळव्यात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलेली. मुलगा कुंडलिक वागळे इस्टेटीत सुपरवायझर झाला, त्यानं फ्लॅट घेतला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, आई, आता पाटी बंद. सुपरवायझरची आई मासे विकते हे बरं दिसत नाही, असं काही तो तोंडानं बोलला नाही. पण आईला काय ते कळत नाही?

सून सरोज गुणाची. तीच सासूला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बरेच प्रश्न विचारले, ब्लडप्रेशर पाहिलं आणि म्हणाल्या, अजून तसं काही दिसत नाही. पुढं होईल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, आणि त्यावर खात्रीचं औषधही नाही. पण जी माणसं म्हातारपणी अंग हलतं ठेवतात त्यांचं डोकं जास्त दिवस टिकतं, असं आता अभ्यास करणारे लोक म्हणायला लागलेत. तेव्हा रोज पाऊण तास चाला. रमतगमत नाही, भरभर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला पाहिजे.

आवडाबाईला हसावं की रडावं कळेना. अगं बाई, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? मासळी नासायच्या आत विकायची, तर कोळीण काय चालते? धावतेच.

कुंडलिकनं हौसेनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. पहाटे मैदानात रिटायर झालेले लोक हात उडवत फिरायचे, त्यांच्यात ती दोन दिवस गेली. काही केल्या पाय उचलेनात. डोकं मोकळं, हात मोकळे, जायचं कुठंच नाही, मग घाई कसली करायची? कुणी ओळखीचं भेटून कुठं निघालीस विचारलं की तिची जीभच अडखळे. कुठंच नाही, असं कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची पाटी काढली. रिकामी पाटी डोक्यावर ठरेना, म्हणून ओट्याखाली पडलेला वरवंटा गोणपाटात गुंडाळून आत ठेवला. मिक्सर आल्यापासून त्याला कोण विचारतंय? वरून ओलं फडकं घातलं, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून पाटी चढवली, आणि सांगते काय, पाय आपोआप सुटले. खारीगाव नाक्यापर्यंत जाऊन परत, घामाघूम. दम लागला, गाणं म्हणून पाहिलं तर खरंच म्हणता येईना. बाई खूश. कुणी हाक मारली की "सगला खपला" म्हणून पुढं सटकायची. महिनाभर असं निभावलं. चालताना ती जुन्या गिऱ्हाइकांची घरं ओळीनं आठवून पाहायची. एखादं नाव अडलं की ते आठवेपर्यंत ती आणखी जोरात चालायची.

पण खारीगावच्या चाळीतली शांताबाई बाळकुमच्या दिवसांपासूनचं गिऱ्हाईक. ती कसली ऐकतेय? तिनं वाटेत धरलंच. घरी पाहुणे आलेत, असेल ते दे म्हणाली, आणि पाटी उतरवून फडकं उचललं. आत वरवंटा. शांताबाई एकदा वरवंट्याकडं बघते, एकदा आवडाबाईकडं. आवडाबाईनं डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायला सुरुवात केली, पण घाईत ती जनीपासून सुरू झाली, मग दूध, मग बूट, आणि जितकं सांगावं तितकं ते वेड्यासारखं वाटायला लागलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळी शांताबाई काळजीपोटी कुंडलिकला भेटली आणि म्हणाली, आईकडं बघ रे जरा.

कुंडलिकनं आईला समोर बसवलं.

"आई, आज तारीख काय?"

"नवमी. भांगाचा पाणी, भरती बारकी. पुनवेला उधाण."

"मी तारीख विचारली."

आता तारखेशी तिचा जन्मात कधी संबंध आला होता? बंदरावरच्या बाईचा दिवस तिथीनं उगवतो आणि भरती-ओहोटीनं मावळतो. ज्याचा बाप, धाकू, पोरवयात होडीवर चढला आणि होडीवरच म्हातारा झाला, त्या पोराला नवमी म्हणजे काय हे कळू नये? पण त्याला ते उत्तर चुकलेलंच वाटलं. त्याचा चेहरा पडला. तो खरंच घाबरला होता, हे तिलाही दिसलं. पाटी परत माळ्यावर गेली आणि दाराला कुलूप लागलं, किल्ली सरोजकडं.

मग काय, दारापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. अकरा इकडं, अकरा तिकडं. दिवसभर तिच्या येरझाऱ्या चाललेल्या. खालचे लोक विचारायला लागले, वर कोण चालतंय एवढं? बसली तर जनीसारखी होईन ही भीती, आणि चालली तर लोक म्हणणार, बघा, कशी भिरभिरतेय. तिला रात्री झोप लागेना. आपण खरंच विसरायला लागलो आणि आपल्यालाच ते कळत नाही, असं तर नसेल? जनीला तरी कुठं कळलं होतं?

आठ दिवस हे पाहिल्यावर सरोजनंच कुलूप काढलं. कुंडलिक पहिल्या पाळीला गेला होता. ती एवढंच म्हणाली, "जा सासूबाई. पण या वेळी आत वरवंटा नको."

आवडाबाई खाडीवर गेली. भावाचा मुलगा भिवाजी भरतीला होडी लावायचा, आणि भरती कधी ते तिला कुणाला विचारावं लागलं नाही. कोलंबी, बोयटं, चार चिंबोऱ्या घेतल्या. एकेक दार आठवत गेली. कुणाला अंड्याची चिंबोरी लागते, कुणाच्या घरी गुरुवार पाळतात, सगळं जागच्या जागी होतं. शांताबाईच्या दारात तर तिनं मुद्दाम फडकं स्वतः उचलून दाखवलं. शांताबाई हसून हसून बेजार झाली आणि दुसऱ्या दिवशी तिनंच कुंडलिकला गाठून सांगितलं, माझं चुकलं रे, तुझ्या आईला माझ्या धाकटीचं लग्न कुठल्या साली झालं तेही माहीत आहे.

कुंडलिक घरी आला. जेवला, कोलंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. कुलूप पुन्हा लागलं नाही. आवडाबाईला वाटलं, सुटले.

चौथ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकला जिन्यातल्या वासाबद्दल बोलत होते. ती वळणावर थांबली. तिनं ऐकलं, कुंडलिक हळू आवाजात म्हणत होता, "आईचं वय झालंय हो. तिला आता काही आठवत नाही. जुन्या सवयीनं पाटी घेऊन जाते. तुम्ही समजून घ्या." सेक्रेटरी लगेच नरमले. अरेरे म्हणाले, काळजी घ्या म्हणाले.

वर आल्यावर तिनं पाटी ठेवली, पण बसली नाही.

"कुंडल्या, मना सगला आठवतंय, हे तुना माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"विसरते म्हटलं की लोक दया करतात, आई. मासे विकते म्हटलं की नाक मुरडतात."

"मंजे मी खरंच विसरले तर तुना बरा पडंल?"

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग खरं तेच बोलला. "कधी कधी वाटतं तसं."

सरोज स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातली पळी थांबली. आवडाबाईला भडभडून आलं. आपलं डोकं जाईल या धास्तीनं ती किती दिवस पळत होती, आणि घरात कुणीतरी त्याची वाटच बघत होतं. आणि तेही पोटचं पोर. ती मोठ्यानं रडली, लाज न बाळगता रडली. कुंडलिकही रडला. पण रडण्यानं काय होतंय? रात्रभर ती घरात फेऱ्या मारत होती आणि त्याला त्या ऐकू येत होत्या.

सकाळी पाटी काखेत घेऊन ती त्याच्यापुढं उभी राहिली. "चल," म्हणाली. दोन जिने उतरून तिनं सेक्रेटरींची बेल दाबली. ते बनियनवर दार उघडून उभे. कुंडलिकनं आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, काही नाही, नुसती वाट बघितली.

"माझी आई मासे विकते," तो म्हणाला. "तिला सगळं आठवतं. मी खोटं बोललेलो."

एवढंसं बोलून त्याला धाप लागली. सेक्रेटरी मग वासाचा विषय काढून नियम सांगायला लागले. ते ऐकायला आवडाबाई थांबली नाही. त्यांना काय सांगायचं ते आता कुंडलिकनं सांगायचं होतं, आणि खाडीला पाणी भरत आलं होतं.