सात-चारची डिस्क

डाव्या बाजूला माझा हात अडकला.

कॉलेजला निघताना मी दारासमोर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये हात घालून पाहिला होता. उजवीकडच्या दोन टायरांमधून तळवा मनगटापर्यंत आत गेला. डावीकडे बोटांपुढे काही जाईना. गाडी रिकामी होती. दहा टन हळद भरल्यावर त्या फटीचं काय होईल हे कळायला भौतिकशास्त्र लागत नाही. मी ते शिकवते, म्हणून जरा जास्त वेळ तिथं थांबले, एवढंच.

रविंद्र, म्हणजे माझे मिस्टर, समोरची काच पुसत होते. ट्रक त्यांचा, चालवतातही तेच.

"अहो, डावीकडे फट कमी कशी?"

"कोणती फट?"

"दोन चाकांमधली. सहाही डिस्क बदलल्या ना?"

"सहाच्या सहा. मकबूलभाईची चिठ्ठी हाय ना घरात, वाच की." त्यांनी फडकं झटकलं. "उतारावर उभी हाय गाडी, म्हणून तुला तसं वाटून राहिलं."

गाडी उतारावर नव्हती.

मोठे टायर घ्यायचं त्यांनी ठरवलं तेव्हा माझी एकच अट होती, चाकाच्या लोखंडी डिस्कही रुंद घ्यायच्या. अरुंद डिस्कवर मोठा टायर चढतो, पण नीट बसत नाही. त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पोट गोल होतं आणि जमिनीला मधला पट्टाच टेकतो. शिवाय जोडीतली दोन चाकं पुरेशी लांब राहत नाहीत. ओझ्याखाली ती एकमेकांना घासतात, तापतात आणि एखाद्या दुपारी टायर फुटतो. या टायरला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे साडेसात ते साडेआठ इंचांची डिस्क लागत होती. आमच्या जुन्या डिस्क सात इंचांच्या होत्या.

घरात जाऊन चिठ्ठी काढली. 'डिस्क 7.4 – 6 नग.' चिठ्ठी घरी आली त्या दिवशी मी फक्त सहा नग वाचलं होतं. सात दशांश चार अशी डिस्क तक्त्यात नव्हती. बाहेर येऊन चाकांवरचा छापील आकडा शोधला, तर त्यावर चंदेरी रंगाचा जाड थर होता. जुनाच माल रंगवून दिला असणार, असं मला वाटलं. आकडा झाकायलाच तर रंग इतका जाड दिला नसेल?

तोवर रविंद्र इंजिन सुरू करून बसले होते. दुपारी वसमतला हळद भरायची आणि तिथूनच सांगलीला निघायचं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हिंगोली रोडवरच्या मकबूलभाईंच्या दुकानात गेले. पन्नाशीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे. मी चिठ्ठी पुढं धरली तशी त्यांची नजर माझ्या पर्सवर गेली.

"तुमी फायनान्सवाल्या का?"

"मी रविंद्रची बायको."

"असं होय! बसा भाभी. चाय मागवतो."

"चहा नको. ही सात पॉइंट चारची डिस्क कोण बनवतं?"

"पॉइंट कुठून आणला तुमी?" त्यांनी चिठ्ठी उन्हात धरली. "सात-चार लिवलंय. मधी रेघ हाय. पेनच तसला हाय, त्याला म्या काय करू?"

"सात-चार म्हणजे?"

त्यांनी कोपऱ्यातली एक मोकळी डिस्क पायानं आडवी केली आणि टेप तिच्या काठांच्या आतून लावला. "हे असं आतून मोजायचं. बाहेरून मोजलं की एक इंच फुकटचा वाढतो, लई जण त्याच्यावरच धंदा करतात. हे बघा सात. आन् पुढं एक, दोन, तीन, चार. चार सूत. आठ सुतांचा एक इंच. सुतार, वेल्डर, गवंडी, समदे असंच बोलतात. कॉलेजात सूत शिकवत न्हाईत व्हय?"

"नाही शिकवत."

चार सूत म्हणजे अर्धा इंच. साडेसात. तक्त्यात बरोबर बसणारी. माझे कान गरम झाले. पण सकाळी हात अडकला होता, तो काही पेनामुळे नव्हता.

"मग मागे डावीकडे फट कमी का आहे?"

मकबूलभाईंनी टेप सावकाश गुंडाळला. "आतल्या चाकाची?"

"आतल्या असं मी म्हटलं नव्हतं."

त्यांनी टेप खिशात टाकला. मग म्हणाले, "चिठ्ठी म्या आधीच लिवली होती. पाच बसवल्या. सहावीचे बोल्टाचे भोकं जमले न्हाईत. म्हणलं, भाऊ, बुधवारपर्यंत दुसरी येते, थांबा. त्यांना वाशिमचं भाडं होतं, घाई लई. म्हणे जुन्याच डिस्कवर चढव. म्या न्हाई चढवला, अल्लाकसम. त्यांनी जुनं चाक तसंच ठेवलं, नवा टायर गाडीत टाकला आन् गेले. वाटेत कनेरगाव नाक्याकडं कुणाकडून तरी चढवून घेतला असंल."

खरं असेल. खोटंही असेल. दोघांपैकी एकजण मला फसवत होता, आणि तो हाच असावा असं मला अजून वाटत होतं. मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, सहाही डिस्क नवीन आहेत ना?"

"किती बार सांगू तुला? सहाच्या सहा. मकबूलभाईनं माझ्यासमोर बसवल्या. ठेव आता, मी नंबरात उभा हाय."

मकबूलभाई रस्त्याकडे बघत होते. मी फोन बंद केला.

"ती दुसरी डिस्क आली का?"

"बुधवारपासून पडून हाय."

"गाडी काढा. वसमतला जायचंय."

त्यांच्या टेम्पोत मागे डिस्क, जॅक आणि पान्हे खडखडत होते. मार्केट यार्डात पोचलो तेव्हा रविंद्रचा ट्रक गोदामाच्या तोंडाशी लागला होता आणि हमाल पहिल्या पोत्याला हात घालत होते.

"तू इकडं काहून?" रविंद्र म्हणाले. मग त्यांना टेम्पोतली डिस्क दिसली.

"पोती थांबवा," मी हमालांना म्हणाले.

"भाऊ, आरटीओ घरातच ठेवली काय?" त्यांतला एकजण ओरडला. बाकीचे हसले आणि पोत्यांवर बसले.

मकबूलभाईंनी चाक उतरवलं. आतल्या टायरच्या बाजूवर वीतभर लांब पट्टा गुळगुळीत झाला होता. कंपनीची अक्षरं तिथून पुसली गेली होती. टायर डिस्कवरून काढल्यावर मी स्वतः काठांच्या आतून मोजलं. सात इंच. एक सूतही जास्त नाही.

"आठ-दहा दिवसांत हे झालं," मकबूलभाई म्हणाले. "सांगलीपर्यंत टिकला नसता, भाऊ."

रविंद्र त्या पट्ट्याकडे बघत राहिले. "भाडं हातचं गेलं असतं. मंग या घाईत राहूनच गेलं. बदलणारच होतो."

"मला सकाळी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडी निघू दिली असती का तू?"

"नाही."

"मंग?"

ते हसले, जणू आमचा हिशोब बरोबरीत सुटला होता. दहा टन ओझं, तापलेला रस्ता, आणि आत बसलेला हा माणूस. गेले आठ-दहा दिवस ते रोज संध्याकाळी 'गाडी मस्त पळते' म्हणून सांगत होते.

पट्ट्याखालचे धागे अजून शाबूत होते, म्हणून तोच टायर नव्या डिस्कवर चढवला. चाक चढलं, बोल्ट आवळले गेले.

"घाल हात," रविंद्र म्हणाले. "झालं समाधान?"

तळवा मनगटापर्यंत आत गेला. मी तो बाहेर काढून रुमालाला पुसला.

"आता बाकीची पाच काढा."

"पाच? ती तर यांनीच बसवली ना!"

"मी पाहिलेली नाहीत."

मकबूलभाई पान्हा हातात धरून थांबले. "भाभी, माझ्यावर पण शक?"

"चिठ्ठीवर सहा तुम्हीच लिहिलं होतं. आणि पाच झाल्यावर ते खोडलं नाही."

त्यांनी मान खाली घातली. नाराज झाले की पटलं, ते मला कळलं नाही.

"तीन घंटे जातील," रविंद्र म्हणाले. "नंबर जाईल माझा."

"जाऊ दे."

गोदामातून कुणीतरी गाडी बाजूला घ्या म्हणून ओरडलं. रविंद्रनी ट्रक मागे घेऊन भिंतीशी लावला, खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता जॅक उचलून पुढच्या उजव्या चाकापाशी बसले. मी टेप घेतला आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.