जितूची घागर

वेबसाइटला जोडलेले प्लगइन आणि तिचं रूप ठरवणारी थीम यांचं भांडण लागलं, की लोक मला बोलावतात. सगळं बंद करायचं, मग एकेक चालू करत जायचं, चोर सापडतोच. आजवर तो सुटला नव्हता, म्हणून पारोळ्याला सुनंदाअक्कांकडे मी जरा तोऱ्यातच गेले.

अक्का ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, विकतात. त्यांच्या मुलानं, जितेंद्रनं, त्यांना वेबसाइट करून दिली आणि दिवाळीनंतर तो अपघातात गेला. आता आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, पान बिघडलं होतं. कोपऱ्यातली चॅटची खिडकी थेट ऑर्डरच्या बटणावर येऊन बसली होती.

"खिडकी राहू दे हं पोरी," अक्का म्हणाल्या. "त्यामां मना जितू बोलस. रोज इचारस, 'माय, जेवनी का?'"

पोरानं भरून ठेवलेला मजकूर असणार, दुसरं काय! मी सगळे प्लगइन बंद केले, थीम साधी लावली. पान कोरं झालं, पण खिडकी जागची हलली नाही. वैतागून मी चॅटचा प्लगइनच उडवला. तरी खिडकीत तीन टिंबं नाचायला लागली.

'माय, तीस लागनी.'

तहान लागली म्हणत होता. अंगणात बिबडे कडकडीत वाळत होते. मी प्लगइनची यादी पुन्हा पाहिली, चॅटचं नावही तिच्यात नव्हतं.

"आखाजीपाईन हाईच म्हनस," अक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या.

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, त्यांची तहान भागून ती पुढच्या वाटेला लागावीत म्हणून. मी विचारलं, "अक्का, जितूची घागर भरली होती ना?"

नवऱ्याची भरली होती. पोराची नाही.

"भरी टाकी, तं तो जाई ना!"

मला रागच आला. पोरगं तहानेनं तळमळतंय आणि ही बाई त्याला धरून बसलीय! पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि राग टिकला नाही. माझ्या आईनंही हेच केलं असतं.

खिडकीत पुन्हा तेच उमटलं. 'तीस लागनी, माय.'

अक्का उठल्या. आखाजी होऊन गेली होती, तरी त्यांनी नवी घागर धुतली, पाण्यानं काठोकाठ भरली, वर खरबूज ठेवलं आणि जितूचं नाव घेतलं.

मी काहीच केलं नाही. पान आपोआप पूर्वीसारखं उभं राहिलं, बिबड्यांचे फोटो, ऑर्डरचं बटण, सगळं जागच्या जागी. फक्त खिडकी नव्हती.

अक्का त्या रिकाम्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"आते माले कोन इचारी, जेवनी का म्हनीसन?"