गोदामाची किल्ली

डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तेलगिरणीच्या मालकाला आठ दिवस पालथं झोपायला सांगितलं होतं. मान वर करायची नाही, मोबाइल बघायचा नाही. त्यामुळे वायदे बाजारातले भाव वाचून दाखवायचं काम बायकोकडे आलं आणि तिच्या जिवाला घोर लागला.

"सोयाबीन आणखी चढलं," ती म्हणाली. "दोनच्या आत तोट्यापोटी मार्जिनचे पैसे भरा, नाहीतर सौदा कापतो, असं दलाल म्हणतोय."

"भरून टाक," उशीतून आवाज आला.

"अहो, रोज भरतेय! आता पोरीच्या फीचे तेवढे उरलेत."

"किती वेळा सांगू? तीन महिन्यांनी द्यायचा माल आपण वायद्यात आधीच ठरल्या भावाने विकून ठेवलाय. भाव पडला तर गोदामातल्या मालाचा तोटा सौद्यात भरून निघतो. चढला तर सौद्यात जातं ते गोदामात येतं. माल आहे तोवर घाबरायचं कशाला?"

गणित तिला पटलं. गणिताला घाबरणारी ती नव्हेच. तिने फीचे पैसे पाठवले. तरी पोती एकदा डोळ्यांनी बघितली की जीव भांड्यात पडेल, असं वाटून तिने खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढली आणि अंगण ओलांडून गोदाम उघडलं.

आत एकही पोतं नव्हतं. जमिनीवर पोत्यांचे चौकोनी डाग आणि कोपऱ्यात केरसुणी.

"माल कुठाय?" खोलीत येऊन तिने विचारलं.

तो उशीतूनच म्हणाला, "गेल्या महिन्यात बरा भाव आला, विकला. तेव्हाच सौदाही मिटवायला हवा होता. म्हटलं, आता भाव पडेलच. दोन्हीकडून पैसे सुटतील."

"म्हणजे हा नुसता जुगार! आणि मला गोदामाच्या गोष्टी सांगत होतात? पोरीची फी गेली हो!"

तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. इतक्यात फोन वाजला. दलालच होता. भाव अजून चढला होता, आणखी पैसे हवे होते.

"उद्या पडेल भाव," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "एक दिवस थांब फक्त."

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"कापा सौदा. हो, आत्ताच, असेल त्या भावाला." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. तिने त्या पालथ्या पाठीकडे बघितलं. "मालक? मालक झोपलेत."