चार रुंद टायर

गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरली तेव्हा कोणाला काही लागलं नाही. पुढचा बंपर वाकला, बाभळीची एक फांदी आरशात अडकून मोडली, आणि पुढे उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मॅडम, मी तर कवाचा थांबलेलो हुतो."

ते खरं होतं. अनुपमाने ब्रेक वेळेवर दाबला होता, हेही खरं होतं. पेडल पायाखाली थरथरलं, पण गाडी थांबली नाही. सासरच्या निमोण्याहून न्हावऱ्याकडे जाताना एका वळणावर शेताचं पाणी पाट फोडून रस्त्यावर येतं. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या वावरातली काळी माती चाकांबरोबर आणून तिथंच सोडतात. त्या लगद्यावर गाडी आधी सरळ सरकली, मग तिरकी झाली आणि अगदी सावकाश चारीत जाऊन टेकली.

पप्पू ट्रॅक्टर घेऊन आला. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. गावात कुठलीही गाडी अडकली की त्यालाच फोन जातो. साखळी बांधता बांधता तो म्हणाला, "वहिनी, टायर रेसचं हाय म्हणून काय उसात रेस लावायची व्हय?"

"भाऊजी, आधी गाडी काढा."

"काढतो की. पण दादाला सांगा, आता मागं पंख बी लाव म्हनावं."

टायर सत्यजीतने दिवाळीत बसवले होते. तो रांजणगावला कंपनीत होता आणि कंपनीच्या बसने जात-येत असे, त्यामुळे घरची जुनी गाडी अनुपमाच्याच हातात असायची. ती भांडगावला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होती. बायको रोज हायवेवर ट्रकांच्या गर्दीतून जाते याची सत्यजीतला काळजी वाटे. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाने आपल्या वेगवान गाडीचे रुंद, बुटके टायर चकचकीत चाकांसकट काढले, तेव्हा ते सत्यजीतने लगेच उचलले. "मऊ रबर आहे," तो म्हणाला होता. "ब्रेक मारला की जागच्या जागी." त्याच्या आईने, सारजाबाईंनी, चारही टायरांना हळदकुंकू लावून खाली लिंबं ठेवली होती. आणि सत्यजीतचं म्हणणं हायवेवर खरंही ठरलं होतं. चौफुल्याजवळ एकदा एक मोटारसायकल अचानक आडवी आली आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली.

त्याच गाडीला आता ट्रॅक्टरमागे बांधून गावातून आणलं गेलं. सगळ्यांनी पाहिलं.

तिचे सासरे, जयसिंग आबा, ओट्यावर बसले होते. हातातली तंबाखू कधीच मळून झाली होती, तरी अंगठा थांबत नव्हता.

"जीव वाचला, लई झालं," ते म्हणाले. "आता ही गाडी पप्पू घिऊन जाईल. गिऱ्हाईक बघंल."

"मग मी भांडगावला कशी जाऊ, आबा?"

"पतसंस्थेत जागा हाय. चेअरमन कवाधरनं म्हनतोय, घरातलं शिकलेलं माणूस द्या. सोमवारी सांजच्याला त्याला शब्द देतो. गावातच काम, पंख्याखाली बसायचं."

भांडगावला सरळ एस्टी नव्हती. न्हावऱ्याला एक बदलायची, चौफुल्याला दुसरी. पहिला तास कधीच मिळाला नसता. गाडी गेली की नोकरी गेली, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आली होती. आबांचा राग आला असता तर सोपं झालं असतं, पण त्यांनीच तिला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली होती, ट्रॅक्टर शिकवतात तशी. क्लच सोड, घाबरू नगं, लांब बघ. आज घाबरले होते ते.

संध्याकाळी सत्यजीत आला आणि टायरांपाशी उकिडवा बसला. "हे टायर घसरायचेच नाहीत गं. तू एकदम जोरात दाबला असशील ब्रेक."

"जोरात दाबला की जागच्या जागी थांबते, असं तुम्हीच म्हणाला होता."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?"

आतून सारजाबाई म्हणाल्या, "भांडू नगा रं. डाव्या अंगाचं लिंबू नीट फुटलंच नव्हतं. मी तवाच म्हनलं हुतं, पर माझं कोण ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अनुपमाने रजा टाकली. दिवसभर ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. तीच गाडी, तोच रस्ता, तेच टायर. दिवाळीनंतर त्याच चिखलावरून ती कितीतरी वेळा गेली होती. टायरांचा घूं असा आवाज सतत कानात असायचा, खडी लागली की सीटपर्यंत कळायची, पण गाडी रस्ता धरून चालायची. मग कधीतरी स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. खड्ड्यात उतरून वर येण्याऐवजी गाडी त्यावरून उडायला लागली. ऊस सुरू झाला, रस्ता बिघडला, असं ती धरून चालली होती. गाडीत काही बदललं आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं.

रविवारी सकाळी शेडमधून कॉम्प्रेसरचा आवाज आला आणि ती चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आली.

रविवारी आबा घरच्या सगळ्या चाकांना हवा भरत. ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या, पप्पूची जीप. कॉम्प्रेसरचा हवा दाखवणारा काटा पडून जमाना झाला होता. आबा चाकावर पाना मारत आणि कान देऊन ऐकत. ठण्ण वाजलं की झालं. उसाची ट्रॉली हवा कमी असली तर भर रस्त्यात टायर फोडून बसते, म्हणून या भागात हवा टाईटच भरतात. आता ते तिच्या गाडीपाशी वाकले होते. पप्पू शेजारी उभा होता.

"आबा, याही टायरात तुम्हीच हवा भरता?"

"मग कोण भरंल? ही टायरं मूळचीच बसकी. हायेत तेवढ्या हवंवर पार बसल्यावानी दिसतात. म्हणून जरा जास्तच देतो दर खेपंला. आता गिऱ्हाईकाला दावायची म्हंजी चाकं ताठ नगं का?"

"थांबा जरा. नका भरू."

ती आत जाऊन पर्समधून खडू घेऊन आली. चारही टायरांवर तिने आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जाड रेघ ओढली.

"बघा आबा," पप्पू म्हणाला, "काकूनं कुंकवानं पुजली, आता मॅडम खडूनं पुजतायत."

अंगणाला सिमेंटचा कोबा होता. अनुपमाने गाडी फाटकापर्यंत सरळ नेली आणि उतरली. "आबा, इकडं या. तुम्हीच बघा."

आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. रेघेचा मधला भाग पुसून गेला होता. दोन्ही कडांना खडू होता तसाच पांढरा होता. त्यांनी दुसरं चाक पाहिलं, मग मागची दोन.

"मधलाच पुसलाय."

"कडा जमिनीला टेकतच नाहीत. टायर एवढे रुंद, पण गाडी चालतेय नुसत्या मधल्या पट्ट्यावर. हवा जास्त झाली की टायर मधे फुगतो."

"टाईट हवंनं कुणाचं वाईट झालं न्हाई आजवर. ट्रॉलीला इचार."

"ट्रॉलीवर ऊस असतो, आबा. त्या वजनानं तिचं चाक दबतं आणि पूर्ण टेकतं. माझ्या गाडीत मी आणि माझा डबा."

"डबा काकूच्या भाकरीचा असंल तर वजन हाय की," पप्पू म्हणाला. कोणी हसलं नाही, म्हणून तो स्वतःच हसला.

आबा अजून चाकाकडेच पाहत होते. अनुपमाने विचारलं, "नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची हवा तुम्ही उतरवता. कशासाठी?"

"कशासाठी म्हंजी? वावरात चाक जाग्यावर फिरतं. हवा उतरवली की पसरतं, माती धर..."

शेडमध्ये कॉम्प्रेसर चालूच होता. पप्पूने जाऊन बंद केला. आबा खाली बसले, चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण त्यांनी स्वतः काढलं आणि खिशातल्या किल्लीचं टोक आत दाबलं. हवा फुस्स करून त्यांच्या धोतरावर धूळ उडवत निघाली.

सत्यजीत उठून बाहेर आला तेव्हा हे चाललं होतं. त्याने त्याच्या पेटीतून हवा मोजायचा मीटर आणला. मागच्या चाकात पन्नासच्या वर हवा होती. गाडीच्या दाराच्या आत कंपनीने चिकटवलेल्या कागदावर तेहतीस लिहिलेलं होतं. तो काही बोलणार होता, पण अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो फक्त मीटर धरून उभा राहिला. चारही चाकं झाल्यावर तिने पुन्हा रेघा ओढल्या, पुन्हा फाटकापर्यंत गाडी नेली. या खेपेला रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी फिकी झाली होती.

आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल. तितं न्हे."

वळणावर ट्रॉली नव्हती. पाणी मात्र होतंच, आणि मातीही. अनुपमाने मागे-पुढे बघून घेतलं, गाडी परवाच्या वेगाने त्या लगद्यावर घातली आणि ब्रेक दाबला. गाडी थोडी सरकली. मग तिने जमीन धरली आणि रस्त्याच्या मधेच, सरळ, उभी राहिली.

आबांनी दाराचं हँडल सोडलं. "धरली की."

"सरकलीही, आबा."

"जराशी."

"ते सांगायला पाहिजे तुम्हाला. हवा बरोबर असली तरी हे टायर कोरड्या हायवेचे आहेत. यांच्या खाचा उथळ आहेत, चिखलानं भरून जातात. परवा चूक नुसती हवेची नव्हती. मी इथं इतक्या वेगानं यायला नको होतं. ऊस चालू आहे तोवर इथं मी दुसऱ्या गिअरमध्ये येणार."

आबांनी नजर समोरच्या उसाकडे वळवली. "पप्पूला बी हे सांग," ते म्हणाले. "तो जीप उडवत येतो हितनं." मग थोड्या वेळाने, "उद्या मी येतो तुझ्यासंगं. चेअरमनला सांजच्याला सांगायचंय. तवर बघतो."

सोमवारी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून तयार होते. वळणावर अनुपमाने गिअर उतरवला आणि गाडी एखाद्या म्हशीसारखी चिखलातून चालत गेली. न्हावरं गेलं, पारगावचा पूल गेला. पुलावरच्या जोडांवर टायर टप टप वाजले, पण पाठीला धक्का बसला नाही. चौफुल्याला ती हायवेला लागली. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एक टँकर आडवा आला तेव्हा ते पुढे वाकले. गाडी केव्हाच हळू झाली होती.

"मागचा दिसतो का तुला?"

"दिसतो, आबा."

भांडगावला कॉलेजच्या फाटकाशी मुलं उभी होती. एक मुलगी धावत खिडकीपाशी आली. "मॅडम, तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर सर म्हणाले, आता प्रॅक्टिकल कोण घेणार काय माहीत." मग आबांना बघून ती लाजली आणि पळाली.

"मी हितनं एस्टीनं जातो," आबा उतरता उतरता म्हणाले. "गाडी तुला लागंल."

"दोन बदलाव्या लागतील, आबा. थांबा ना पाचपर्यंत. स्टाफरूममध्ये बसा."

"तुझ्या मास्तरांत काय करू मी? भांडगावात पाव्हणं हायेत आपलं. जेवून सावकाश जातो."

संध्याकाळी परतताना न्हावऱ्याच्या स्टँडवर तिला ओळखीची टोपी दिसली. आबा एका बाकावर बसले होते, शेजारी पाव्हण्यांनी दिलेली कोबीची पिशवी. तिने गाडी थांबवली. ते आत बसले आणि पिशवी पायाशी ठेवली.

"कधीपासून बसलाय?"

"इचारू नगं. चौफुल्याला एक गाडी मिळाली, ती उभ्यानं. हितं आल्यावर निमोण्याची मगाशीच गेली म्हनले. दुसरी येतीया, येतीया, करत्यात. एका पोरानं मोटारसायकलवर बस म्हनलं, पर त्याचं टायर बघितलं, पार गुळगुळीत. म्हनलं, तू जा बाबा." त्यांनी पाय लांब केले. "अशानं पहिला तास कसा गाठायचा माणसानं?"

"नाही गाठता येत, आबा."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लावला. चेअरमनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बोला की जयसिंगराव. मग टाकू का सूनबाईचं नाव?"

"न्हाई, न्हाई. तेच सांगायला फोन केला. दुसरं कुणी बघा तुमी."

"का हो? गावातली नोकरी हाय."

"तिला हाय की नोकरी. पोरं वाट बघत्यात तिची तितं." त्यांनी जरा ऐकून घेतलं. "व्हय, व्हय, गेली हुती चारीत. हवा माझ्याच हातनं जास्त झाली हुती. आता बराबर हाय."

फोन त्यांनी खिशात ठेवला. अनुपमाने रस्त्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर तिला काहीतरी बोलावं लागलं असतं. मावळतीचा सूर्य आरशात आला होता, म्हणून तिने आरसा थोडा वळवला. दोन्ही बाजूंना तोडणी झालेली वावरं होती आणि कुठंतरी पाचट जळाल्याचा वास होता.

"आबा, एक विचारू? कॉम्प्रेसरचा काटा नवीन आणू का आपल्याला? ट्रॅक्टरलाही उपयोगी पडेल."

उत्तर आलं नाही. तिने पाहिलं, तर आबांची मान दाराकडे कलली होती, टोपी मांडीवर उतरली होती आणि अर्धवट उघड्या तोंडातून बारीक घोरणं चालू होतं. पुढे गावाच्या वेशीआधी गतिरोधक होता. ती हळू झाली, आणि गाडी त्यावरून आवाज न करता गेली.