मंगलाबाईंची बोटं

लोटू आप्पांनी सदतीस वर्षं साड्यांचे मोर काढले. कापडावर नव्हे, ग्राफच्या कागदावर. त्या चौकटी बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोऱ्याने एकामागे एक ओवायच्या आणि ती माळ जेकार्डच्या लूमवर, नक्षी विणणाऱ्या मागावर, चढवायची. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो आणि साडीवर मोर उमटतो. पुढे कॉम्प्युटर आला. खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, पंचिंग मशीनवर धूळ बसली आणि आप्पा सुरतेतल्या गोडादऱ्याच्या घरी बसले.

बसले, पण रिकामे नाहीत. भंगारात निघालेले पुठ्ठे ते घरी आणत. जुनी भोकं मागून कागद चिकटवून बुजवत आणि हातपंचाने नवी पाडत. हातभर लांब पट्ट्या एकाखाली एक आणि शेजारी शेजारी ओवून दोन वर्षांत त्यांनी दाराहून मोठा पडदा केला. काय करताहेत ते कुणाला धड कळत नव्हतं. त्यांची बायको तर त्याला कचराच म्हणायची.

त्यांच्या समोरच्या घरात हेमराज पाटील राहायचे. धरणगावकडून सुरतला येऊन लूमवर उभे राहिलेले. त्यांची मुलगी नूतन इंटिरियर डिझाइन शिकली आणि वेसूला किरणभाईंच्या स्टुडिओत लागली. दिवसभर ती लोकांच्या दिवाणखान्यांची छतं आणि पलंगांच्या पाठी ठरवायची आणि संध्याकाळी गोडादऱ्याला परत यायची. एका रविवारी दुपारी वीज गेली. आप्पांनी उकाड्यामुळे मागचं दार उघडलं. नूतन त्याच वेळी त्यांना वाटीभर भाजी द्यायला आत आली, आणि उंबऱ्यातच थबकली.

दारासमोर टांगलेल्या त्या मळकट पुठ्ठ्यातून ऊन आत येत होतं आणि त्यात चार बायका बसल्या होत्या. बॉबिन भरत होत्या. एकीची मान वाकडी, एक हसतेय, एकीचा पदर घसरलेला. सगळ्या उजेडाच्या ठिपक्यांनी काढलेल्या.

"आप्पा, ही मंगलाबाई ना?"

"मंगलाच शे ती. हात देख ना."

मंगलाबाई पलीकडच्या गल्लीत राहायच्या. बारा वर्षांपूर्वी एका खात्यात मशीनच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. पडद्यातल्या हातालाही तीनच बोटं होती.

मगनभाई या साडीच्या बड्या व्यापाऱ्याच्या नव्या ऑफिसचं काम तेव्हा स्टुडिओकडे होतं. आत शिरल्याबरोबर पश्चिमेला मोठी काच होती आणि तिच्यापुढे आडोसा हवा होता. नूतनने पडद्याचे फोटो दाखवले. किरणभाई खुर्चीतून उठलेच. "हे सुरत आहे! नाहीतर आपण काय लावतो, राजस्थानच्या जाळ्या." मगनभाईंनाही फोटो आवडले. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि मग स्वतः टेम्पोत बसून पडदा घेऊन गेले.

तो सागवानी चौकटीत बसवला त्या दिवशी चार वाजता ऊन काचेवर आलं. सुतारांनी रंधे खाली ठेवले. मगनभाई किती तरी वेळ बघत उभे होते. मग जवळ गेले आणि त्यांनी बोट लावून विचारलं, "या बाईचा हात असा का?"

नूतनने सांगितलं.

"माझ्या खात्यात असं कधी झालेलं नाही."

"हो, दुसरीकडे झालंय."

"पण येणाऱ्याला काय कळणार? बाहेरगावचे व्यापारी येतील, पहिलं हेच बघतील." ते रागावले नव्हते. उलट समजुतीने बोलत होते. "चित्र सुंदर आहे, बहेन. फक्त बोटं पूर्ण करून द्या."

किरणभाई तिला बाजूला घेऊन गेले. "दोन बोटं म्हणजे किती भोकं? तीस? चाळीस? अर्ध्या तासाचं काम आहे, नूतन."

नूतनला वाटलं, खरंच अर्ध्या तासाचं तर आहे. त्या अर्ध्या तासासाठी पडदा शेकडो लोक बघणार नाहीत, हे काही बरं नाही. ती तशीच आप्पांकडे गेली आणि चाचरत विषय काढला.

आप्पा पंच पुसत होते. ते म्हणाले, "जन्मभर शेठ सांगे तसं काढं. मोरले पीस कमी कर, केलं. कोयरी मोठी कर, केली. आते नही. हाई चित्र मनं शे." मग पंच खाली ठेवून म्हणाले, "तरी हात मना नही. जिना शे तिले विचार."

ज्यांचा तो हात, त्या मंगलाबाई ओट्यावर साड्यांचे सुटे धागे कापत बसल्या होत्या. तीन बोटांत कात्री धरून त्यांचा हात असा चालायचा, की बघणाऱ्याला आधी काही लक्षातच यायचं नाही. नूतनने सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली नाही.

"शेठला बोटं पाहिजेत?"

"हो, मावशी. चित्रात."

"मग आधी इथं लाव म्हणावं." त्यांनी हात पुढे केला. "इथं लावता आली, तर तिथंही लाव. अगं, दवाखान्यातून आल्यावर पंधराव्या दिवशी मी कामाला बसले. या हाताने तीन पोरं मोठी केली. त्याला लाज नाही वाटली कधी. शेठला कशाची वाटतेय?"

नूतनचे कान तापले. लाज तिलाही वाटली होती, अर्ध्या तासाची का होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साइटवर गेली ती आप्पांना घेऊनच. सुतारांकडून पेचकस घेतला आणि चौकटीचे स्क्रू काढायला लागली. किरणभाई धावत आले.

"काय चाललंय? ही क्लायंटची जागा आहे."

"जागा त्यांची आहे, सर. पडदा आप्पांचा आहे. तो त्यांनी अजून विकलेला नाही, आणि आता देणार नाहीत."

"एका हातासाठी तू नोकरी घालवणार?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, हे सुरत आहे? मग सुरत आहे तसं लावायचं. नाहीतर राजस्थानची जाळी लावा."

किरणभाईंचं तोंड लाल झालं. त्यांनी तिला तिथेच कामावरून काढलं. नूतनने शेवटचा स्क्रू काढला, आप्पांनी पडदा चादरीसारखा घड्या घालत खाली उतरवला आणि दोघं तो उचलून लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टमध्ये आप्पांनी पडद्याचा भार आपल्याकडे ओढून घेतला.

हेमराज घरात तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एसीतली नोकरी पुठ्ठ्यासाठी घालवली, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

वैशाली नावाची तिची मैत्रीण बमरोलीच्या कामगारांचे फोटो काढायची. सात-आठ जणांचा त्यांचा गट होता. महिन्यातून एकदा मिळेल त्या जागी ते आपापलं काम मांडत. या खेपेला अठवा लाइन्सजवळचा एक खाजगी हॉल मिळाला होता आणि आप्पांचा पडदा मधोमध लागणार होता. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी हॉलवाल्यांचा फोन आला: जागा देता येणार नाही. कारण सांगितलं नाही. वैशालीने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मोठी माणसं नाराज होतात."

"पुढच्या महिन्यात बघू," गटातला एक जण म्हणाला.

"नाही," नूतन म्हणाली. "ठरलेल्या दिवशीच करायचं. पडद्याला हॉल नको, ऊन पाहिजे. आमच्या गच्चीवर करू."

गोडादऱ्याचं घर तीन मजली, तेरा फूट रुंद. नूतनने गच्चीचं माप घेतलं, आयुष्यातला सगळ्यात गंभीर नकाशा काढावा तसा नकाशा काढला. पडदा कुठे, फोटो कुठे, लोक कुठून चढतील, कुठे वळतील. वारा पडदा फाडेल ही भीती होती. त्या संध्याकाळी हेमराज वर आले, दोऱ्या ओढून बघितल्या आणि म्हणाले, "ह्या गाठी टिकणार नाहीत." मग लूमवरच्या गाठी मारून त्यांनी बांबू पाण्याच्या टाकीला असे आवळले, की पडदा हलेना.

रविवारी तीन वाजल्यापासून माणसं जिना चढू लागली. नवागामहून, बमरोलीहून, नदीपलीकडच्या अडाजणहूनही. चपलांचा ढीग पहिल्या मजल्यापर्यंत आला. अरुंद जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकमेकांना चिकटून जात होते. आप्पा कोऱ्या शर्टात पडद्याशेजारी खुर्चीवर बसले होते आणि प्रत्येकाला पट्टी, ग्राफ, भोक समजावून सांगत होते. त्यांचा घसा बसला तरी थांबेनात.

मंगलाबाई चारला आल्या. गर्दी बाजूला झाली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"नाक मोठं काढलंत, भाऊ," त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्यांचा नातू मोबाइल पुढे करून फोटो काढायला लागला तेव्हा त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि उजवा हात छातीशी धरला, बोटं पसरून.

मगनभाईंच्या ऑफिसात आता काचेपुढे राजस्थानची जाळी आहे. नूतनला पुन्हा कुठल्या स्टुडिओत घेतलं नाही. दोन ठिकाणी तर नाव ऐकूनच नाही म्हणाले. तिने घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. पहिलं काम नवागामच्या एका ब्यूटी पार्लरचं आलं. खोली एवढी लहान, की दोन खुर्च्या ठेवल्या तर दार उघडेना. नूतनने दार काढून सरकतं बसवलं आणि आरशाच्या वर आप्पांनी केलेली नवी पट्टी लावली.

गच्चीवर दर महिन्याला प्रदर्शन लागतं. पुढच्या वेळी कुणाचं काम लावायचं, यावर वैशाली आणि नूतनचं कालच कडाक्याचं भांडण झालं.