हळदीच्या मांडवात टांगलेली फीत

दिपेशला मला एकच विचारायचं आहे. कात्री चालवण्याआधी आपण काय कापतोय हे उजेडात धरून बघायला त्याचं काय जात होतं?

मित्रांनो, मी एक जुनी सिनेमाची फीत आहे. माझा जन्म आफ्रिकेतला. गोऱ्या साहेबांचं राज्य गेल्यावर तिथल्या माणसांनी आपली लढाई पहिल्यांदा स्वतःच पडद्यावर आणली, ती माझ्यात. माझ्यातल्या बायका समुद्राकाठी मीठ काढतात. साहेबाचे शिपाई बंदुका रोखतात, तरी त्या डोक्यावरची टोपली खाली ठेवत नाहीत.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पण डोंबिवलीच्या प्रफुल्लकाकांच्या फिल्म क्लबात भले भले शिकलेले माझ्यासमोर गप्प बसायचे. क्लब बंद पडला, तसे काकांनी माझे डबे कळव्याला, ओळखीच्या तुळसाआजीच्या खोलीत ठेवले आणि वर्षानुवर्षं फिरकले नाहीत. मित्रांनो, ज्याला आपलं म्हणता, त्याची अधूनमधून विचारपूस तरी करा!

यंदा आजीच्या नातीची, हेमालीची हळद निघाली. आजीला सुकट ठेवायला घट्ट झाकणाचे डबे हवे होते. तिने मला बाहेर काढून नातवापुढे, दिपेशपुढे टाकलं. त्याने माझे तुकडे करून मांडवभर झालरी सोडल्या. खरं सांगते, दिव्यांत मी चमकले, पाहुणे वर बघू लागले, तेव्हा मला बरं वाटलं. त्याची अजून लाज वाटते.

तेवढ्यात प्रफुल्लकाका मला न्यायला आले. माझ्या देशात माझी एकही धड प्रत उरली नव्हती, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांच्याकडे मला मागितलं होतं. मांडव बघून ते एकेक झालर मोजू लागले.

"जुनी पट्टीच तर हाय, काका," दिपेश म्हणाला. "यूट्यूबवर असंल ना!"

"कुठंच नाही रे. सगळे तुकडे मिळाले तर जोडता येईल."

आजीने एक झालर ओढून दिव्यासमोर धरली. त्यात त्या टोपलीवाल्या बायका होत्या.

"माझी आय मिठागरात अशीच चालायची," ती हळूच म्हणाली. "आन मी हिला सुकटीपायी बाहेर फेकली."

इतक्यात डीजे दणाणला.

"बंद कर रं तो!" आजी गरजली.

"आजी, पाहुणे आलेत. उद्या काढतो ना सगळं," दिपेश कुरकुरला.

"डबा मी रिकामा केला, ते पाप माझं. कात्री तुझी. शिडी आण आन एकेक बाई जपून खाली उतरव. तवर या मांडवात कोणी नाचायचं नाय!"