आबांचं धोतर

शहादेव कडा गावाहून निघाले तेव्हा पिशवीत दोन धोतरं होती आणि पावशेर हुलगे. लेकीच्या नोकरीच्या ठिकाणी रिकाम्या हातानं जायचं, हे त्यांना पटेना. नोकरीचं ठिकाण म्हणजे जहाज. ते अंदमानातल्या एका राखीव बेटाकडे निघालं होतं, आणि बेटावर बाहेरचं एकही बी जाऊ द्यायचं नाही, हीच त्यांच्या मनिषाची नोकरी होती.

हुलगे पहिल्याच दिवशी जप्त झाले.

"आबा, तिथं माणूस राहत न्हाई. द्यायचे कुणाला?"

"आगं, मग बेटालाच. एकलंच हाय बिचारं."

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट समोर आलं. चपला धुऊन, खिसे उलटे करून प्रवासी छोट्या बोटीत उतरले. शहादेवांच्या पत्नी विजयमालाबाईही उतरल्या. शहादेवांना मात्र मनिषानं स्टुलावर बसवलं. गावाहून निघायच्या आधी ते अंगावरच्याच धोतरावर शेताच्या बांधाला चक्कर मारून आले होते. काठात कुसळंच कुसळं! दुसरं धोतर धुऊन वाळत घातलेलं, अजून ओलंच. मनिषा चिमट्यानं एकेक कुसळ उपटू लागली. बोट दहा मिनिटांत सुटणार होती, आणि ती एकदाच जाणार होती. दुपारी जहाज पुढं निघायचं.

"जाऊ दे की मॅडम, वडील आहेत," खलाशी म्हणाला.

मनिषा उपटतच राहिली. डोळे भरल्यामुळं आता तिला कुसळंही धड दिसेनात.

शहादेव हळूच म्हणाले, "मने, दुसऱ्या कुणाचा बाप असता तर सोडला असता का?"

"न्हाई, आबा."

"मग मलाबी सोडू नगंस. नेसायला दुसरं काय हाय का ते बघ."

खलाशाची निळी पँट होती. शहादेवांच्या पायांनी सत्तर वर्षांत पँट पाहिली नव्हती, आणि ही तर सहा फुटी माणसाची. मनिषानं खाली बसून पायाला चार-चार घड्या घातल्या.

"बटन माजं मी लावतो," शहादेव करारी आवाजात म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

बोटीत विजयमालाबाईंनी तोंडाला पदर लावला. "हे सायब कुनाकडचे म्हनायचे?"

"तुज्या पोरीकडचे. सरक."

बोट सुटली. पाणी इतकं नितळ की तळाची प्रवाळं, त्यांतून पळणारे पिवळे मासे, सगळं हाताशी आल्यासारखं. शहादेव बघायला वाकले. एका हातानं बोट धरली, दुसऱ्यानं पँट.

मनिषानं मागून पँटचा पट्टा मुठीत घेतला.

"बघा आबा, सावकाश बघा. म्या धरलंय."